प्रोग्रॅम लिहायचा तो कशात? सीमाभागातल्या नव्या विद्यार्थ्यांसाठी मुक्त एडिटरची ओळख

येळ्ळूर, कडोली, नंदगड, जांबोटी अशा गावांतून मराठी शाळेत दहावी झालेली मुलं डिप्लोमाला, बीसीएला, इंजिनिअरिंगला बेळगावात येतात. त्यांतली काही संध्याकाळी वडगावात माझ्याकडे येऊन बसतात. पहिल्याच आठवड्यात एकजण तरी विचारतोच, "काका, कॉलेजात सी शिकवायलेत, पायथन पण सुरू केलेत. पण घरात लिहायचं कशात?" लॅबमध्ये त्यांनी निळ्या पडद्यावर पिवळी अक्षरं बघितलेली असतात. घरच्या लॅपटॉपवर तो निळा पडदा नसतो. मग कुणीतरी सांगितलं म्हणून पोरं वर्ड उघडतात आणि त्यात प्रोग्रॅम टाईप करतात.

त्यांच्यासाठी हे लिहितोय, आणि इथली परिस्थिती धरूनच लिहितोय: मोठ्या भावाकडून आलेला किंवा सेकंडहँड घेतलेला लॅपटॉप, मोबाईलच्या हॉटस्पॉटवरचं इंटरनेट, पावसाळ्यात कधीही जाणारी लाईट, आणि मराठी, कन्नड, इंग्रजी अशा तीन भाषांत चालणारा दिवस.

वर्ड बाजूला ठेवा

प्रोग्रॅम म्हणजे साधा मजकूर. फाईलमध्ये फक्त अक्षरं, आकडे, चिन्हं. रंग नाही, ठळकपणा नाही, समास नाही. वर्डच्या फाईलमध्ये मजकुराभोवती सजावटीची भलीमोठी माहिती भरलेली असते. कंपायलरला, म्हणजे आपला प्रोग्रॅम संगणकाच्या भाषेत बदलणाऱ्या साधनाला, ती कळत नाही. साधा मजकूर लिहायचं, वाचायचं आणि दुरुस्त करायचं साधन म्हणजे टेक्स्ट एडिटर.

वर्डचा आणखी एक त्रास आहे, आणि तो व्हॉट्सॲपवरून किंवा पीडीएफमधून कोड उचलून चिकटवणाऱ्यांनाही होतो. अवतरणचिन्हं आपोआप वळणदार होतात. दिसायला छान, पण सी किंवा पायथनला हवी असतात ती सरळ उभी चिन्हं. जीसीसी नावाचा मुक्त कंपायलर मग 'स्ट्रे' हा शब्द आणि पुढे ३४२ हा आकडा दाखवतो. ते वळणदार चिन्ह फाईलमध्ये तीन बाइटनी साठवलेलं असतं आणि त्यांतला पहिला बाइट अष्टमान पद्धतीत ३४२. नंदगडच्या एका मुलीने या चुकीपायी अख्खी दुपार घालवली होती. प्रोग्रॅमचं तर्कशास्त्र बरोबर होतं, चिन्हं तेवढी वाकडी होती. ३४२ दिसला की आधी अवतरणचिन्हं पुसून हाताने पुन्हा टाईप करा.

मुक्त म्हणजे काय

फुकट आणि मुक्त यांत फरक आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जीएनयू प्रकल्प जाहीर केला. त्यातून पुढे आलेली मुक्त सॉफ्टवेअरची कल्पना चार हक्कांवर उभी आहे: कोणत्याही कामासाठी चालवायचा, आतला कोड वाचून बदलायचा, प्रती वाटायचा, आणि आपण केलेले बदलही वाटायचा. म्हणजे गीनी या मुक्त एडिटरची प्रत तुम्ही पेनड्राईव्हवर घेऊन मैत्रिणीला दिलीत तर ती चोरी होत नाही, तो तुमचा हक्कच आहे. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरचे पेनड्राईव्ह आपल्याकडे हातोहात फिरतात आणि त्यांतून व्हायरसही फिरतात. इतकी चांगली साधनं कायदेशीरपणे मिळत असताना ती वाट धरू नका, हे मी प्रत्येक मुलाला पहिल्याच दिवशी सांगतो.

या हक्कांचा उपयोग कसा होतो त्याचं एक उदाहरण. ॲटम नावाचा एडिटर खूप लोकप्रिय होता. तो चालवणाऱ्या कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये त्याचं काम थांबवलं. कोड मुक्त होता, म्हणून वापरणाऱ्यांनीच तो उचलला आणि पल्सार या नावाने पुढे चालू ठेवला. कोड बंदिस्त असता तर त्या एडिटरवर बसलेला हात त्या दिवशी मोडला असता.

मशीन बघून निवडा

कुठला एडिटर सगळ्यांत चांगला, असं विचारू नका. तुमच्या लॅपटॉपची रॅम किती आहे ते आधी बघा.

रॅम २ किंवा ४ जीबी असेल तर गीनी घ्या. २००५ पासून चालत आलेला हा एडिटर अतिशय हलका आहे. विंडोजवर चालतो, लिनक्सवर चालतो, जुन्या मशीनवरही चटकन उघडतो. रंगीत कोड, ओळींचे क्रमांक, कंसाची जोडी दाखवणं, एका कळीवर कंपाईल, हे सगळं त्यात आहे. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मुलांना मी हाच देतो आणि आजवर एकाचंही काम त्यामुळे अडलेलं नाही.

फक्त पायथन शिकत असाल आणि आयुष्यातला पहिलाच प्रोग्रॅम लिहीत असाल, तर थॉनी. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात नवशिक्यांसाठीच तो तयार झाला. विंडोजवर बसवला की पायथनही त्याच्यासोबतच येतं, वेगळं उतरवावं लागत नाही. हॉटस्पॉटवर चालणाऱ्या माणसाला हे फार सोयीचं. एफ-५ दाबलं की प्रोग्रॅम चालतो. कंट्रोल आणि एफ-५ दाबलं की तो एकेक पायरीने थांबत पुढे जातो आणि कोणत्या चलात (व्हेरिएबलमध्ये) आत्ता काय आहे ते शेजारच्या चौकटीत दिसतं. लूप म्हणजे काय ते फळ्यावर तीनदा समजावूनही कळलं नव्हतं अशा मुलाला मी ते या चौकटीत एका बैठकीत कळताना पाहिलं आहे.

विंडोजवरच राहायचं असेल आणि रोजच्या सगळ्या फायलींसाठी एकच भक्कम साधन हवं असेल, तर नोटपॅड-प्लस-प्लस. डॉन हो यांनी २००३ साली तो आणला. लिनक्सवर असाल आणि केडीईचा डेस्कटॉप असेल तर केट आधीच हाताशी असतो, तो वापरा.

८ जीबी किंवा जास्त रॅम असेल तर व्हीएससोडियम. याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण व्हीएस कोड हे नाव तुम्ही ऐकलेलंच असणार. मायक्रोसॉफ्टने तो २०१५ मध्ये आणला. त्याचा मूळ कोड मुक्त परवान्याखाली आहे, पण कंपनीच्या पानावरून जो तयार एडिटर आपण उतरवतो त्याचा परवाना वेगळा, बंदिस्त आहे, आणि तो वापराची माहिती कंपनीकडे पाठवत असतो. त्याच मूळ कोडवरून, ती माहिती पाठवणं बंद करून, स्वयंसेवकांनी बांधलेला एडिटर म्हणजे व्हीएससोडियम. दिसायला जवळजवळ तसाच. विस्तार, म्हणजे एडिटरला जोडायच्या जास्तीच्या सोयी, मात्र ओपन व्हीएसएक्स नावाच्या खुल्या भांडारातून येतात आणि मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे काही विस्तार तिथे मिळत नाहीत. शिकायला त्यांची गरज पडत नाही. या दोन्हींच्या पोटात क्रोमियम ब्राउझरच बसलेला आहे, म्हणून २ जीबीच्या मशीनवर ते लावू नका. फाईल उघडेपर्यंत चहा होतो.

उतरवताना

सर्च इंजिनवर वर दिसणाऱ्या जाहिरातीवर क्लिक करू नका. पत्ता स्वतः टाईप करा: गीनी डॉट ऑर्ग, थॉनी डॉट ऑर्ग, व्हीएससोडियम डॉट कॉम. नोटपॅड-प्लस-प्लसच्या पत्त्यात 'प्लस' हे शब्द इंग्रजी अक्षरांत, मध्ये आडव्या रेघा देऊन, आणि शेवटी डॉट ऑर्ग. लिनक्स असेल तर ब्राउझरची गरजच नाही. उबुंटू किंवा मिंटवर टर्मिनल (आज्ञा टाईप करायची खिडकी) उघडून सगळं इंग्रजी लहान लिपीत लिहा: सुडो, ॲप्ट, इन्स्टॉल, गीनी, बिल्ड-इसेन्शियल. दोन शब्दांमध्ये एकेक मोकळी जागा. शेवटच्या शब्दाने जीसीसी कंपायलरही सोबतच बसतो.

विंडोजवर गीनी बसवलात तर कंपायलर वेगळा लागतो, हे लक्षात ठेवा. एडिटर म्हणजे वही, कंपायलर म्हणजे तपासणारे गुरुजी. एक आला म्हणून दुसरा आपोआप येत नाही. विंडोजसाठी एमएसवायएस-२ उतरवून त्यातून जीसीसी घ्या. हे एकदा करावं लागतं आणि त्याला बराच डेटा लागतो. कॉलेजच्या वायफायवर करा.

पहिल्या दिवशीच्या मांडण्या

एडिटर उघडल्यावर लगेच कोड लिहायला बसू नका. दहा मिनिटं मांडण्यांना, म्हणजे सेटिंग्जना द्या.

विंडोज फाईलच्या नावाचं शेपूट लपवतं. त्यामुळे तुम्ही 'हॅलो डॉट पीवाय' म्हणून जतन केलेली फाईल खरं तर 'हॅलो डॉट पीवाय डॉट टीएक्सटी' होऊन बसते आणि चालत नाही. फाईल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत जाऊन फाईल नेम एक्स्टेन्शन्सवर खूण करा.

मग ओळींचे क्रमांक सुरू करा, कारण कंपायलर चूक सांगतो ती ओळीच्या क्रमांकाने. टॅब दाबल्यावर चार मोकळ्या जागा पडतील असं करा; पायथनमध्ये एकाच गटातल्या ओळींच्या सुरुवातीला टॅब आणि मोकळ्या जागा मिसळल्या तर प्रोग्रॅम चालायलाच नकार देतो. अक्षराचा आकार वाढवा, डोळे तुमचेच आहेत. फॉन्ट असा घ्या की ज्यात शून्य आणि इंग्रजी ओ, तसंच एक आणि लहान एल, स्पष्ट वेगळे दिसतात. डेजाव्हू सॅन्स मोनो चांगला आहे, त्यात शून्याच्या पोटात खूण असते. आणि एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं फाईलमध्ये साठवायची पद्धत, यूटीएफ-८ आहे ना, ते तपासा. या शेवटच्या मांडणीवर आता थोडं थांबू.

बेळगाव सहा अक्षरी की चार?

थॉनीत एक ओळ लिहून बघा. प्रिंट, कंस, आत लेन, पुन्हा कंस, आणि त्यात सरळ अवतरणचिन्हांत 'बेळगाव'. दोन्ही कंस बंद करा, चालवा. उत्तर येतं ६. आपण म्हणतो चार: बे, ळ, गा, व. संगणकाने ब, एकाराची मात्रा, ळ, ग, काना आणि व असे सहा मोजले. त्याच्या दृष्टीने मात्रा आणि काना ही स्वतंत्र चिन्हं आहेत. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणून हाच शब्द फाईलमध्ये १८ बाइट घेतो. इंग्रजी अक्षराला एकच बाइट पुरतो.

हे पहिल्या आठवड्यातच कळलं तर पुढच्या कितीतरी अडचणी आधीच सुटतात. एखाद्या अर्जात नावाला वीस अक्षरांची मर्यादा असेल तर मराठी नाव लवकर का कापलं जातं, कापताना शेवटची वेलांटी का हरवते, टर्मिनलमध्ये मराठी ओळीवर कर्सर पुढे-मागे का सरकतो, सगळ्याचं मूळ इथेच आहे. टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीची चौकट देतं आणि देवनागरी त्या चौकटीत बसत नाही. म्हणून मराठी मजकूर असलेल्या फायली खिडकीवाल्या एडिटरात उघडा, टर्मिनलमधल्या नको. आणि पायथनमधून मराठी फाईल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहाच, नाहीतर विंडोजवर चित्रविचित्र चिन्हं दिसतील किंवा प्रोग्रॅम तिथेच थांबेल.

टाईप कसं करायचं? फोनवर आपण इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवतो. संगणकावर मात्र इन्स्क्रिप्ट शिका, असा माझा आग्रह आहे, आणि सीमाभागातल्या माणसाला तर विशेष. हा कळफलक भारतीय मानक म्हणून १९९१ पासून ठरलेला आहे, आणि सगळ्या भारतीय लिप्यांना त्याची रचना एकच. देवनागरीतला 'क' ज्या कळीवर, कन्नड 'क'ही त्याच कळीवर. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. 'बेळगाव' लिहायला वाय, एस, शिफ्ट-एन, आय, ई, बी अशा कळा दाबायच्या. भाषा कन्नडवर नेऊन कन्नड नाव लिहायचं तर बोटं जवळजवळ तशीच चालतात. कन्नडमध्ये ऱ्हस्व 'ए' वेगळा आहे, म्हणून एस ऐवजी झेड दाबायचा, आणि शेवटी एफ दाबून वेलांटी द्यायची. एकदा बोटांना सवय झाली की दोन्ही भाषा हातात. मराठी घर आणि कन्नड कचेरी अशा दोन्हीकडे वावरणाऱ्या आपल्या मुलांना याहून उपयोगी कौशल्य मला सुचत नाही.

एक जुनं दुखणंही सांगतो. आमच्या गल्लीच्या मंडळाची वर्गणीदारांची यादी बऱ्याच वर्षांपूर्वी एका डीटीपी दुकानात टाईप झालेली होती. ती मी एडिटरात उघडली तेव्हा पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं सांडली. फाईल बिघडलेली नव्हती. जुन्या मराठी फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक साठवलेले असत आणि फॉन्ट वरून देवनागरीचा आकार काढत असे. फॉन्ट गेला की मराठी गेलं. कन्नडच्या जुन्या नुडी फायलींचंही असंच होतं. अशी फाईल मिळाली तर त्या फॉन्टचं नाव शोधा, युनिकोडमध्ये बदलणारं साधन वापरा, आणि निकाल मूळ छापील कागदाशी ताडून बघा. जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकतात. आम्हाला यादी दुरुस्त करायला तीन संध्याकाळी लागल्या. घरात कुणाची वंशावळ, कुणाच्या कविता अशा फायलींत अडकलेल्या असतील तर त्या आत्ताच सोडवून घ्या.

शोधा आणि बदला

एडिटरची खरी ताकद कंट्रोल-एच मध्ये आहे: शोधा आणि बदला. आणि तिची खरी परीक्षा मराठीत होते.

शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं. समजा तुमच्याकडे पत्त्यांची यादी आहे, काही ठिकाणी 'बेळगाव', काही ठिकाणी 'बेळगावी', आणि एका सरकारी अर्जासाठी सगळीकडे 'बेळगावी' हवं आहे. सरळ 'बेळगाव'च्या जागी 'बेळगावी' घातलंत तर जिथे आधीच 'बेळगावी' होतं तिथे दोन वेलांट्या होतील, कारण 'बेळगावी'च्या पोटात 'बेळगाव' आहेच. मग 'पूर्ण शब्दच शोधा' ही खूण करावी असं वाटतं. इंग्रजीत ती चालते. मराठीत तिच्यावर भिस्त ठेवू नका. पायथनचं नेहमीचं शोधयंत्र वेलांटीला शब्दाचं अक्षर मानत नाही, त्यामुळे 'बेळगावी'तल्या व नंतर शब्द संपला असंच त्याला वाटतं. एडिटरही एकेक वेगळं वागतात.

खात्रीची वाट अशी: आधी सगळे 'बेळगावी' बदलून 'बेळगाव' करा, मग सगळे 'बेळगाव' बदलून 'बेळगावी' करा. आणि 'सगळे बदला' दाबायच्या आधी एकेक बघत जा, कारण 'बेळगावात', 'बेळगावचा' असे शब्द मध्ये आले तर त्यांचं 'बेळगावीात', 'बेळगावीचा' होऊन बसेल. बदल करण्याआधी फाईलची एक प्रत काढून ठेवा.

लॅबमधला निळा पडदा

टर्बो सी-प्लस-प्लस १९९० साली आलं, डॉसच्या काळात. सी-प्लस-प्लस भाषेचं पहिलं अधिकृत मानक ठरलं १९९८ मध्ये. म्हणजे ते साधन मानकाहूनही जुनं आहे. म्हणून लॅबमध्ये चालणारा प्रोग्रॅम घरी जीसीसीवर चालत नाही आणि मुलांना वाटतं आपलंच चुकलं. तुमचं चुकलेलं नसतं. मेनच्या आधी व्हॉइड ऐवजी इंट लिहा आणि शेवटी रिटर्न शून्य द्या. आयओस्ट्रीमपुढचं डॉट-एच काढा आणि खाली यूझिंग नेमस्पेस एसटीडी ही ओळ घाला. कोनिओ, क्लिअर-स्क्रीन आणि गेट-सीएच काढून टाका. गीनीत एफ-९ दाबलं की बांधणी होते, एफ-५ दाबलं की चालतं.

परीक्षेत जुन्याच पद्धतीने लिहायला सांगितलं असेल तर तसं लिहा, गुण तिथले आहेत. घरी मात्र आजच्या पद्धतीनेच सराव करा, कारण नोकरीच्या मुलाखतीत तीच विचारली जाईल.

उद्यमबागेतल्यांसाठी

हे फक्त कॉलेजच्या मुलांचं काम नाही. उद्यमबाग आणि मच्छेच्या मशीनशॉपमध्ये सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या मशीनवर) काम करणारी किती तरी मुलं रोज प्रोग्रॅम वाचतात. त्याला ती प्रोग्रॅमिंग म्हणत नाहीत इतकंच. त्या मशीनला हालचाली सांगणारी जी-कोडची फाईल हा साधा मजकूरच आहे. जी शून्य-शून्य म्हणजे वेगात सरकणं, जी शून्य-एक म्हणजे सरळ रेषेत कापत जाणं, एम-तीस म्हणजे प्रोग्रॅम संपला. काही कंट्रोलवर एक्स-दहा लिहून पुढे दशांशाचं टिंब राहिलं तर ते दहा मिलिमीटर न धरता दहा मायक्रॉन धरलं जातं. टूल किंवा जॉब बिघडायला एवढं पुरतं.

म्हणून जी-कोड विंडोजच्या साध्या नोटपॅडमध्ये दुरुस्त करण्यापेक्षा नोटपॅड-प्लस-प्लस किंवा गीनीत करा. ओळीचा क्रमांक दिसतो, शून्य आणि ओ वेगळे दिसतात. आणि काल चाललेला प्रोग्रॅम व आज बदललेला प्रोग्रॅम मेल्ड या मुक्त साधनात शेजारी शेजारी ठेवले तर कुठली ओळ बदलली ती रंगाने दिसते. मशीनवर चढवण्याआधी दोन मिनिटांची ही तपासणी करा. शिफ्ट बदलताना पुढच्या माणसालाही तीच फाईल दाखवा.

टर्मिनलमध्ये अडकलात तर

पुढे कधी तरी सर्व्हरवर काम करावं लागेल आणि तिथे खिडक्या नसतात. टर्मिनलमधला नॅनो हा एडिटर उघडता आला तर उत्तम, त्याच्या कळा खालीच लिहिलेल्या असतात: कंट्रोल-ओ जतन करायला, कंट्रोल-एक्स बाहेर पडायला.

पण बऱ्याचदा समोर विम हा दुसरा एडिटर येतो, आणि मग फोन येतो: "काका, हे बाहेरच पडंना झालंय बघा." घाबरू नका. एस्केप दाबा. मग कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर. जतन न करता बाहेर. जतन करून बाहेर पडायचं तर एस्केप, कोलन, डब्ल्यू, क्यू, एंटर. विममध्ये कळांना दोन अवस्था असतात. एका अवस्थेत अक्षर म्हणजे आज्ञा, दुसरीत अक्षर म्हणजे अक्षर. आय दाबलं की लिहायची अवस्था, एस्केप दाबलं की आज्ञेची. एक सूचना फक्त आपल्यासाठी: विममध्ये आज्ञा देताना कळफलक इंग्रजीवर आणा. मराठीवर राहिला तर आय दाबल्यावर 'ग' जातो आणि काहीच होत नाही.

विम ब्रॅम मोलेनार यांनी १९९१ साली लोकांपुढे ठेवला आणि २०२३ मध्ये निधन होईपर्यंत ते त्यावर काम करत राहिले. विम उघडल्यावर युगांडातल्या मुलांना मदत करण्याचं आवाहन दिसतं, ते त्यांचंच. काम आता इतर लोक पुढे चालवतात. शिकायचा असेल तर टर्मिनलमध्ये विमट्यूटर लिहा; अर्ध्या तासाचा पाठ समोर उघडतो आणि तो सोडवतच शिकायचा असतो.

ईमॅक्स हा एडिटर म्हणजे वेगळंच विश्व आहे. जीएनयू ईमॅक्स १९८५ पासून आहे आणि लिस्प भाषेत त्याचा कोपरा न् कोपरा बदलता येतो. नवशिक्याने आधी त्यात पडू नये असं माझं मत. तरी एकदा उघडून कंट्रोल-एच आणि मग नुसतं एच दाबून बघा: जगभरच्या लिप्यांतले नमस्कार दिसतात, त्यांत देवनागरी आहे आणि कन्नडही आहे.

लाईट गेली तर

जूनपासून खानापूर, कणकुंबीकडे पाऊस लागला की लाईटचा भरवसा नाही, आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी तर आधीच संपलेली. दर चार-पाच ओळींनंतर कंट्रोल-एस दाबायची सवय लावा. व्हीएससोडियममध्ये फाईल मेनूत ऑटो सेव्ह सुरू करा. गीनीत सेव्ह ॲक्शन्स हा प्लगइन सुरू करून त्यात वेळ ठरवा. नोटपॅड-प्लस-प्लस न जतन केलेला मजकूरही दर सात सेकंदांनी बाजूला साठवतो आणि पुन्हा उघडल्यावर परत देतो. विम फाईलशेजारी एक स्वॅप फाईल ठेवतो. लाईट आल्यावर तीच फाईल उघडलीत की तो विचारतो, तेव्हा आर दाबा.

पण सेव्ह केलेलं चुकीचं असेल तर? कालचा चालणारा प्रोग्रॅम परत हवा असेल तर? त्यासाठी फायलींच्या जुन्या आवृत्त्या सांभाळणारं गिट आहे. बेळगावात 'जीआयटी' म्हटलं की गोगटे इन्स्टिट्यूट आठवतं. हे वेगळं, लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी लिहिलेलं. प्रोजेक्टच्या फोल्डरात एकदा गिट इनिट, मग रोज काम संपलं की गिट ॲड आणि गिट कमिट. एवढ्या तीन आज्ञा पहिल्या सहामाहीला पुरतात, आणि त्यांना इंटरनेटही लागत नाही.

मेनू मराठीत

नोटपॅड-प्लस-प्लसच्या सेटिंग्जमध्ये प्रेफरन्सेस, तिथे जनरल, आणि लोकलायझेशनच्या यादीत मराठी निवडा. यादीत कन्नडही आहे. काही मुलांना इंग्रजी मेनूच बरे वाटतात, कारण कॉलेजात तेच शब्द ऐकायला मिळतात. त्यांनी तेच ठेवावेत. पण घरातली धाकटी भावंडं, दुकानाचा हिशेब लिहिणारे वडील, महिला बचत गटाची यादी सांभाळणारी आई यांच्यासाठी मराठी मेनू लावून द्या.

ते मराठी वापरताना एखादा शब्द खटकेल, एखादा चुकीचा वाटेल. एडिटर जिथे बसवलाय त्या फोल्डरात लोकलायझेशन नावाचं फोल्डर आहे आणि त्यात मराठी डॉट एक्सएमएल नावाची फाईल. तिची एक प्रत डेस्कटॉपवर घ्या आणि त्याच एडिटरात उघडा. साधा मजकूर आहे: प्रत्येक मेनूचा क्रमांक आणि शेजारी अवतरणचिन्हांत मराठी शब्द. शब्द बदला, अवतरणचिन्हं सरळच राहू द्या, यूटीएफ-८ मध्ये जतन करा, ॲडमिनिस्ट्रेटरच्या परवानगीने ती फाईल परत जागेवर ठेवा, एडिटर बंद करून पुन्हा उघडा आणि प्रेफरन्सेसमध्ये भाषा एकदा इंग्रजी करून पुन्हा मराठी निवडा. तुमचा शब्द मेनूत दिसेल. चार जणांना दाखवा, त्यांनाही तो पटला तर ती दुरुस्ती मूळ प्रकल्पाकडे पाठवा.